वडिलांच्या तोंडून कर्जाचा खरा आकडा कसा येतो

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, वाळवा या पट्ट्यात कर्ज नसलेलं घर शोधावं लागेल. सोसायटीचं पीककर्ज घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, बँकेचा बोजाही माहीत असतो. औषध दुकानाची उधारी, व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल, सराफाकडे ठेवलेल्या पाटल्या, सावकाराकडून शेकड्याच्या व्याजानं काढलेले दोन लाख आणि मित्रासाठी दिलेला जामीन हे मात्र एकाच माणसाच्या डोक्यात असतं, बहुतेक वेळा वडिलांच्या. मुलं पुण्यात, सुनेला विचारायची सोय नाही आणि आईला अंदाज असला तरी ती बोलत नाही. आकडा वेळेत कळला तर मार्ग निघतो. तो जमीन जाताना कळला तर फारसं काही हातात उरत नाही.

माणूस खरं तेव्हा सांगतो, जेव्हा ते झाकून ठेवण्यापेक्षा सांगून टाकणं सोपं वाटतं. या लेखातली प्रत्येक कृती त्याच एका गोष्टीसाठी आहे. आणि एक ध्यानात ठेवा: पहिल्यांदा जो आकडा सांगितला जातो तो जवळजवळ नेहमी कमी असतो. त्या आकड्यावर तुम्ही कसे वागता हे समोरचा बघत असतो. पुढचा आकडा येणार की नाही ते तिथं ठरतं.

बोलण्याआधीची तयारी

आधी कागद बघा. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा आणि बँकेचा बोजा दिसतो. आठ-अ काढला की खात्यावरचे सगळे गट समोर येतात. हे महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतं. जमीन कुणाच्या नावे लिहून दिली असेल तर नोंदणी विभागाच्या इंडेक्स-टूमध्ये तो दस्त सापडतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण खासगी पैसे देणारे पुष्कळदा तारण म्हणून सरळ खूशखरेदीच करून घेतात. कागदावर ते कर्ज दिसतच नाही, विक्री दिसते.

हे कागद तुमच्या माहितीसाठी आहेत. वडिलांसमोर आपटायला नाहीत. आणि गावात चौकशी करत फिरू नका. कृषी सेवा केंद्रात जाऊन “आमच्या आबांचं किती आहे हो?” असं विचारलंत तर तुम्ही घरी पोचायच्या आत ते आबांच्या कानावर गेलेलं असतं, आणि मग पुढचे सहा महिने विषय बंद.

चेहऱ्यावरून खोटं ओळखण्याच्या नादाला लागू नका. नजर चुकवली, कान खाजवला, आवाज बसला, यावरून काही ठरत नाही. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी अशा प्रयोगांचे सगळे निकाल एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. शिवाय लाजेनं आणि काळजीनंही नजर खाली जाते. शोधायच्याच असतील तर वस्तुस्थितीतल्या खुणा शोधा: फोन आला की अंगणाच्या टोकाला जाणं, एखाद्या ठरावीक दुकानासमोरून न जाणं, मुदत ठेव अचानक मोडणं, लग्नकार्यातही दागिना अंगावर नसणं.

तिसरी तयारी स्वतःची. तुमच्या मनात जो सर्वांत वाईट आकडा आहे तो कागदावर लिहा. त्याची दुप्पट करा आणि त्या आकड्यासोबत एक रात्र काढा. चिडायचं, रडायचं ते तेव्हाच होऊ द्या. समोर बसल्यावर बारा लाख ऐकून तुमचा चेहरा पडला तर उरलेले दहा लाख गिळले जातात.

कुणी, कधी, कुठे

थोरल्या मुलानंच बोललं पाहिजे असा नेम नाही. ज्याच्यासमोर वडिलांची पत कमी होणार नाही, त्यानं बोलावं. पुष्कळ घरांत ती व्यक्ती लेक असते. कधी साडू किंवा मेव्हणा असतो, कारण त्यानंही असेच दिवस काढलेले असतात. जावई शक्यतो नको. दोघातिघांनी घेरून बसणं तर नकोच. त्याला पंचायत म्हणतात, आणि पंचायतीत माणूस स्वतःची बाजू मांडतो, खरं सांगत नाही.

द्राक्षाच्या घरात वेळ हंगामावर ठरते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पावसाळी हवेत डाऊनी या बुरशीरोगाचे दिवस असतात. पंप सकाळ-संध्याकाळ चालू, झोप अर्धवट. तेव्हा विषय काढू नका. माल जाऊन एप्रिलची खरडछाटणी उरकली की वर्षाचा हिशेब माणसाच्या डोक्यात ताजा असतो आणि हाताला थोडी उसंत असते. उसाचं घर असेल तर बिल खात्यावर जमा झाल्यानंतरचा आठवडा बरा. यात्रेच्या तोंडावर, सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी किंवा पाहुणे घरात असताना बोलू नका.

जागा अशी हवी की दोघं शेजारी शेजारी असतील आणि हाताला काहीतरी काम असेल. बागेच्या बांधावरून चक्कर, ठिबकच्या नळ्या तपासणं, पिकअपच्या पुढच्या सीटवरचा प्रवास. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की चौकशी वाटते. तासभर तरी मोकळा हवा. आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचा हवा, याचं कारण पुढे येईलच.

फोनवर हे होत नाही. विटा-खानापूर भागातल्या गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातल्या, घरांची इथं खरी पंचाईत आहे. मुलगा परराज्यात दुकानावर, गावी येणं दिवाळीला आणि यात्रेला. अशांनी सणाच्या धावपळीत विषय उरकू नये, परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढावं.

सुरुवात

“तुमच्याशी जरा महत्त्वाचं बोलायचंय” असं सकाळी सांगून संध्याकाळी बसू नका. मधल्या वेळेत माणूस आतून कडी लावून घेतो. “खरं खरं सांगा” हे वाक्यही नको, कारण त्यात आजवर खोटं बोललात हे गृहीत असतं.

आधी स्वतःचं सांगा, आकड्यासकट. “आबा, फ्लॅटचा हप्ता चोवीस हजार जातो. मध्ये कार्डाचे साठ हजार थकले होते, घरात बोललो नव्हतो.” हे खरं असेल तरच बोला. बनवून सांगितलेलं पकडलं जातं आणि मग काहीच उरत नाही. मग कारण सांगा आणि परवानगी मागा: “पुढच्या वर्षाचा मेळ घालायचा तर मला सगळं एकदा समजून घ्यायचंय. निकाल आज लावायचा नाही. बोलू का?” “आत्ता नको” असं उत्तर आलं तर ते माना, पण वेळ ठरवून घ्या: “मग उद्या सकाळी पाणी द्यायला जाताना?”

प्रश्न कसे विचारायचे

पैशापासून सुरू करू नका, पिकापासून करा. छाटणी कधी घेतली, फवारण्या किती झाल्या, गळ किती झाली, दर काय लागला, पैसे कधी मिळाले. माणूस हंगाम सांगायला लागला की प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न घाला: “मग तेव्हा कसं भागवलं?” या प्रश्नात आरोप नाही. उलट, त्या माणसानं अडचणीतून वाट काढली ही कबुली आहे. अर्धं कर्ज या एका प्रश्नावर बाहेर येतं.

तारखा आठवत नसतील तर गावाला माहीत असलेल्या खुणा धरा. “हे महापुराच्या आधीचं की नंतरचं?” २०१९ चा पूर पलूस-वाळव्यात कुणी विसरलेलं नाही. “कोरोनात माल अडकला तेव्हाचं का?” मार्च २०२० मध्ये ऐन काढणीत बाजार बंद झाले होते. तिथून कित्येकांची खासगी उचल सुरू झाली. खूण सापडली की मागचं-पुढचं आपोआप जुळतं.

‘का’ टाळा. “का काढलंत?” म्हटलं की सफाई सुरू होते. “तेव्हा काय अडलं होतं?” म्हटलं की हकिगत सुरू होते.

सर्रास असणाऱ्या देण्याबद्दल ‘आहे का’ विचारू नका. “दुकानाची उधारी आहे का?” याला “नाही” म्हणणं फार सोपं. “दुकानाचं किती राहिलंय?” म्हटलं की आकडा द्यावा लागतो. सावकाराच्या बाबतीत मात्र असं गृहीत धरून विचारणं अंगावर येतं. तिथं आधी वाट मोकळी करा: “यंदा बऱ्याच जणांना बाहेरून काढायला लागले. आपल्यालाही लागले का?” आणि आकडा अडला तर अंदाज वरचा टाका. “दोन-तीन लाख असतील?” असं विचारलंत तर होकार दोनावरच येणार. “वीस-पंचविसाच्या घरात गेलंय का?” म्हटलं की “छे छे, चौदा असतील” असं उत्तर येतं, आणि चौदा सांगताना हलकं वाटतं.

एक प्रश्न खास या भागातला, फारसा कुणी विचारत नाही. सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं, म्हणून मार्चअखेर सगळ्यांची नवं-जुनं करायची घाई असते. भरायला पैसे नसले की चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलतात, भरतात, नवं कर्ज निघालं की परत करतात. नवं कर्ज कमी निघालं किंवा उशिरा निघालं तर ते आठ दिवस वर्षभर लांबतात. म्हणून विचारा: “मार्चला नवं-जुनं केलं तेव्हा मधले पैसे कुणी दिले?” खासगी पैसे देणाऱ्याचं नाव पुष्कळदा इथं सापडतं.

गप्प राहणं

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं मोजलं. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. ते तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, नेमकी झाली, आणि कधी न बोलणारी मुलंही बोलू लागली. घरातल्या पैशाच्या प्रश्नाला तीन सेकंद पुरत नाहीत. मनात दहापर्यंत मोजा. वडील तंबाखू मळत असतील तर मळू द्या. चुना लावणं, अंगठ्यानं घोळणं, फक्की झटकणं, या सगळ्यात अर्धा मिनिट जातो आणि त्या अर्ध्या मिनिटात ते ठरवत असतात. तुम्ही बोललात की ठरवणं थांबतं.

बोलणं पुढे न्यायला नवा प्रश्न लागतोच असं नाही. त्यांचाच शेवटचा शब्द हलकेच परत म्हणा.

“आबा, दुकानाचं किती राहिलंय?”
“हाय थोडंफार.”
“थोडंफार…”
“लाखभर असंल.”
“बरं. लाखभर. ह्याच वर्षाचं?”
“न्हाय, गेल्या सालचं पन मिसळलंय त्यात.”
“मग ते वेगळं काढू. आणि दुकान सोडून?”
“व्यापाऱ्याची उचल हाय की.”

इथं “लाखभर?!” असा सूर लागला असता तर व्यापाऱ्याची उचल आली नसती. “बरं” हा शब्द सपाट आवाजात म्हणायची सवय करा. ऐकून झालं की नजर आईकडे वळवू नका, मोबाइलवर बेरीज करू नका, सुस्कारा टाकू नका. आणि शेवटी “आणखी काही नाही ना?” असं कधीच विचारू नका, त्यात नकार तुम्हीच तयार करून हातात देता. “आणखी कुणाचं धरायचं?” असं विचारा, आणि “बास, एवढंच” असं दोनदा येईपर्यंत विचारत राहा.

लिहून घेणं

चार-पाच देणी बोलून झाली की विचारा, “हे लिहून काढू का? डोक्यात ठेवून त्रास होतो.” वही त्यांच्या हातात द्या. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा माणूस सहसा नंतर बदलत नाही. रकाने असे: कुणाचं, कधी घेतलं, मुद्दल, व्याज, आजवर किती दिलं, तारण काय, कोणता कागद दिला. कोरा चेक, सही केलेला कोरा स्टॅम्प, खरेदीखत, सोनं, सगळं शेवटच्या दोन रकान्यांत.

व्याज विचारताना बोलीतलंच माप वापरा. “शेकडा किती?” शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस. दोन लाखांवर शेकडा पाच असेल तर महिन्याला १० हजार आणि वर्षाला १ लाख २० हजार नुसत्या व्याजात जातात. ही गुणाकाराची ओळ लगेच मोठ्यानं वाचू नका. त्यांनाही ती पाठ आहे. तिचं काम नंतर.

जामीन शेवटी विचारा, पण विचाराच. “आपण कुणासाठी सही केलीय का?” माणूस ते स्वतःचं कर्ज धरत नाही, म्हणून मुद्दाम लपवत नसतानाही सांगायचं राहून जातं.

दुसरी बैठक

पहिल्या दिवशी सगळं येत नाही. वही मिटताना एवढंच म्हणा, “काही राहिलं असेल तर आठवेल तसं सांगा, त्यात भर घालू.” ही वाट ठेवणं फार गरजेचं आहे, कारण खोटं पकडल्याशिवाय आकडा दुरुस्त करायची सोय त्यातून मिळते. सर्वांत जड देणं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं: एसटी स्टँडवर सोडताना, चपला घालताना, “ते एक राहिलं सांगायचं” असं म्हणत. म्हणून दोन-तीन दिवसांचा मुक्काम. आणि ते आलं की “काल का नाही सांगितलं?” हे शब्द गिळा. “बरं झालं सांगितलंत” एवढंच बोला. गाडी चुकली तर चुकू द्या.

आईशी वेगळं बोला. बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज तिच्या नावावर असतं, आणि त्यातला काही भाग वडिलांनाही माहीत नसतो. तिच्याशी बोलताना वडिलांनी सांगितलेलं पुढे सरकवू नका, आणि तिचं तिकडेही नेऊ नका. दोघांनी एकत्र कधी बसायचं ते त्या दोघांनाच ठरवू द्या.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शपथ घालणं. “देवाची शपथ घेऊन सांगा” किंवा “माझ्या डोक्यावर हात ठेवा” असं म्हणून घेतलेलं उत्तर खोटं असेल तर त्यावरून खाली उतरायला जागाच राहत नाही. पुढे सांगावंसं वाटलं तरी शपथ आडवी येते.

दुसरी, थाप मारून काढून घेणं. दुसऱ्या महायुद्धात फ्रँकफुर्टजवळच्या ओबरउर्सेलच्या छावणीत हान्स शार्फ नावाचा जर्मन चौकशी अधिकारी होता. तो कैद झालेल्या वैमानिकांवर हात उगारत नसे. त्यांना रानात फिरायला नेई, गप्पा मारी, आपल्याला आधीच सगळं माहीत आहे असा भास निर्माण करी, आणि नवी माहिती निसटली तरी चेहऱ्यावर काही दाखवत नसे. त्याच्या पद्धतीवर आजही मानसशास्त्रज्ञ प्रयोग करतात. त्यातलं चालणं, दबाव न टाकणं आणि शांत चेहरा घरातही घ्यावा. “मला सगळं कळलंय” हा भास मात्र घेऊ नये. शार्फला त्या कैद्यांसोबत आयुष्य काढायचं नव्हतं, तुम्हाला काढायचं आहे. जे कागदावर पाहिलंय ते मोकळेपणानं सांगा: “सातबाऱ्यावर बँकेचा बोजा पाहिला मी.” त्यापुढचं माहीत नाही हेही सांगा.

गुपचूप रेकॉर्डिंग करू नका. भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहीचा फोटो टाकू नका. “मी फेडतो सगळं” असा शब्द त्या भरात देऊ नका. आणि राग आलाच तर उठून मोटार चालू करायला जा, परत येऊन बसा. पण “तुमच्यामुळं घर बुडालं” हे वाक्य एकदा निघालं की वही कायमची मिटते.

एका गोष्टीत चालढकल नको. बोलताना “आता जगून काय करायचं”, “माझ्या माघारी तुमचं तुम्ही बघा” असं काही आलं, किंवा माणूस एकाएकी निरवानिरव करायला लागला, तर कर्जाचा विषय तिथंच थांबवा आणि सरळ विचारा: “जीव द्यायचा विचार येतोय का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. माणसाला एकटं सोडू नका. द्राक्षाच्या घरात कीटकनाशकं हाताशी असतात, ती खोली कुलूपबंद करा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घेऊन जा, बरोबर बसा.

आकडा आल्यानंतर

सांगून टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे, नाहीतर सांगितल्याचा पश्चात्ताप होतो. छोटं का होईना, एक काम करा: दुकानदाराकडे दोघांनी जाऊन खातेउतारा मागणं, किंवा सराफाची पावती सापडवणं.

यादीत खासगी सावकार असेल तर भांडायला जाऊ नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये आला. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही, असे दर त्याखाली ठरलेत. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा गुन्हा आहे. सावकारीपोटी जमीन लिहून घेतली असेल तर अर्ज करण्याआधीच्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे. तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय असतं, अर्ज तिथून सुरू करता येतो. दिलेल्या व्याजाच्या तारखा, फोन-पेच्या नोंदी आणि साक्षीदारांची नावं वहीतल्या त्या पानामागे लिहून ठेवा.

हा अर्ज करायचा की नाही हे वडिलांना ठरवू द्या. त्याच गावात, त्याच पारावर रोज त्यांना बसायचं असतं. त्यांना न विचारता केलेला अर्ज म्हणजे त्यांनी विश्वासानं दिलेली माहिती त्यांच्याच विरोधात वापरणं. तुम्ही कायदा समजावून सांगा, वकिलाची भेट ठरवा, आणि थांबा. पंधरा दिवसांनी वही पुन्हा उघडा, काय फिटलं आणि काय वाढलं ते त्यांनाच लिहू द्या, आणि जाताना पुढच्या खेपेची तारीख पानावर टाकून ठेवा.